लाऊबाईंचं सूप

लाऊबाई बेल वाजवत नसत, दार ठोठावत. तेही असं, की आत आग लागली आहे आणि ती फक्त त्यांनाच कळली आहे. दार उघडलं की आत डोकावून वास घेत आणि विचारत, "आज सूप बनाया?" नाही म्हटलं की असा चेहरा करत, जणू मी घरच्यांना उपाशी मारते. दुबईजवळच्या रास अल खैमात त्या आमच्या समोरच्याच फ्लॅटमध्ये राहायच्या. त्यांचे यजमान आणि माझा नवरा संदीप एकाच सिरॅमिकच्या कारखान्यात होते. बाई मूळच्या दक्षिण चीनमधल्या, फोशानच्या. हिंदी शिकल्या त्या खालच्या किराणावाल्याकडून, त्यामुळे त्यांची सगळी वाक्यं घासाघीस केल्यासारखी येत. खरं सांगते, सुरुवातीला त्या मला मुळीच आवडत नसत. आगाऊ बाई, असंच मी म्हणायचे. आता त्या मायदेशी परतल्या आहेत आणि समोरचं दार बघवत नाही.

सासूबाई गेल्या आणि संदीप आप्पांना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, कराडजवळच्या गावातून इकडे घेऊन आला. आप्पा आले आणि जेवेनासे झाले. रागावले नाहीत, रडले नाहीत, नुसतं "नको." मऊ भात नको, पेज नको, दूधसुद्धा नको. बघता बघता गाल आत गेले. डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं, उद्यापर्यंत तोंडाने काही गेलं नाही तर ॲडमिट करून नाकातून नळी घालावी लागेल. या वयात एकदा नळी लागली की, एवढं म्हणून ते थांबले. संदीपला ड्यूटी चुकवता येईना. मी आप्पांपुढे पेजेची वाटी घेऊन बसले होते आणि मला भयंकर भीती वाटत होती.

तेवढ्यात दार ठोठावलं गेलं. लाऊबाईंच्या हातात पिशवी होती: हाडांसकट कोंबडी, गाजरं, मक्याची कणसं, मुळा, आलं. त्यांनी मला बाजूला सारलं आणि तडक स्वयंपाकघर गाठलं.

"तू बैठो. तेरा हाथ डरता है. डर वाला हाथ, सूप खराब."

कोंबडी गार पाण्यात घालून त्यांनी उकळी आणली. वर फेस धरला. मी काही म्हणेपर्यंत त्यांनी ते सगळं पाणी सिंकमध्ये ओतून दिलं. "गंदा पानी. खलास."

मी ओरडलेच. ते तर अळणी, कोंबडीचा पहिला रस! मसाला पडायच्या आधी आमच्याकडे ते आजाऱ्यासाठी, बाळंतिणीसाठी वाटीभर जपून बाजूला काढतात. "अहो, अळणी ओतलंत तुम्ही!"

"काय ओतलं?"

मागे वळून बघते तर आप्पा. भिंत धरून, थरथरत, स्वयंपाकघराच्या दारात उभे. "अळणी ओतून दिलं व्हय? अगं, सगळा कस त्यातच असतोय! तुझी सासू पैली वाटी मला द्यायची, मग बाकीच्यांचं बघायची."

इकडे आल्यापासून सासूबाईंचा विषय त्यांनी पहिल्यांदाच काढला होता.

लाऊबाईंना त्यातलं अक्षर कळलं नाही, पण राग कळला. त्यांनी खुर्ची ओढली. "बैठो बाबा. देखो."

आणि आप्पा बसले! लाऊबाईंनी कोंबडी धुतली, नव्या उकळत्या पाण्यात आल्यासकट टाकली, भाज्यांचे मोठे मोठे तुकडे घातले, आच अगदी बारीक केली. मग सुरू झालं ते नुसतं वाट बघणं. कुकर असता तर शिट्ट्या तरी मोजल्या असत्या. आप्पा मध्येच म्हणत, "सूनबाई, झाकण काढून बघ तरी." लाऊबाई माझ्या हातावर चापट मारत. "नो. झाकण खोला, सूप गया." संदीपचा फोन आला, "काही गेलं का पोटात?" मी म्हटलं, अजून नाही. आप्पांची मान लवंडायला लागली होती.

अखेर मीठ पडलं. लाऊबाईंनी पहिला वाडगा आप्पांपुढे ठेवला, मग माझा, मग स्वतःचा. आप्पांनी चमचा उचलला, ओठापर्यंत नेला आणि खाली ठेवला. "नको."

मी विनवण्या करू लागले, तशी लाऊबाईंनी डोळ्यांनीच मला गप्प केलं. त्या समोर हात मांडीवर ठेवून ताठ बसल्या होत्या. त्यांच्या वाडग्यातली वाफ विरून चालली होती.

बऱ्याच वेळाने आप्पांनी विचारलं, "ही का जेवंना?"

मी लाऊबाईंना विचारलं. "पहले बूढ़ा," त्या म्हणाल्या. "मेरा घर में पहले बूढ़ा खाता, बाद में सब. मैं सुबह से नहीं खाया. कोई बात नहीं."

मी आप्पांना सांगितलं. ते चपापले. उभ्या हयातीत त्यांच्या ओसरीवरून कुणी उपाशी गेलं नव्हतं. "म्हंजी माझ्यापायी बाईमाणूस उपाशी?" लाऊबाई हलल्या नाहीत.

आप्पांनी चमचा उचलला. एक घोट गेला. लाऊबाईंनी लगेच एक घोट घेतला. आप्पा थांबले की त्याही थांबत. असं करत करत दोन्ही वाडगे रिकामे झाले. "मुळा बरा शिजलाय," आप्पा म्हणाले आणि डोळे पुसू लागले. मीही रडले, लपवून नाही.

लाऊबाईंना सोडायला दारापर्यंत गेले. त्यांचा हात हातात घेतला तर तो गार पडला होता.

"मेरा पापा भी नहीं खाता था," त्या म्हणाल्या. "मैं इधर, वो उधर. बहन सूप बनाया, फोन में व्हिडिओ लगाया. मैं भी इधर सूप लेके भूखा बैठा. पूरा दिन बैठा." त्यांनी हात सोडवून घेतला. "फोन छोटा. पापा का आँख कमजोर. उसको दिखा नहीं."