लाईट कुणामुळे गेली?

लाईट गेली की आमच्या घरात पहिला आवाज यायचा तो काकूंचा, आणि त्यात कुणाचं ना कुणाचं नाव असायचंच. पंख्याची पाती अजून थांबलेली नसायची, तेवढ्यात मधल्या मजल्यावर गुन्हेगार ठरलेला असायचा. "ग्रेवालनं दुसरा एसी लावला! पक्का त्यानंच लावला!" पुरावा, साक्षीदार वगैरे भानगड नाही. काकांनी, म्हणजे त्यांच्या यजमानांनी, त्यांचं नाव 'सरकारी वकील' ठेवलं होतं. काकूंना ते नाव मनातून आवडायचं असा मला संशय आहे.

पंजाब-हरियाणाच्या सामायिक राजधानीतलं, मनीमाजऱ्याच्या बाजारामागचं हे तीन मजली घर. तळमजल्यावर घरमालक ग्रेवालजी, मधे काका-काकू, आणि वर गच्चीलगतच्या खोलीत मी, मोहालीच्या एका कंपनीत नोकरी करणारी सोलापूरची मुलगी. काका हवाई दलातून निवृत्त झालेले. बदल्यांमध्ये अर्धा देश फिरले आणि शेवटी इथेच राहिले. दोघंही मूळचे वर्ध्याचे. मी सामान घेऊन जिना चढत होते तेव्हा दार उघडून काकूंनी विचारलं होतं, "काहून गं, मराठी आहेस ना? जेवली का?" मला इतकं बरं वाटलं की मी तिथेच पायरीवर बसले.

काकूंना आरोपींचा तुटवडा कधी पडला नाही. शहर एक आणि त्यावर हक्क सांगणारी सरकारं तीन, त्यामुळे पंजाब, हरियाणा आणि दिल्ली यांना त्या आळीपाळीनं धारेवर धरायच्या. इकडे अंधार आणि तिकडे पंचकुल्यात दिवे दिसले की हरियाणाची धडगत नसे. "त्यायचे दिवे कसे जळून राहिले? आपलीच वीज ओढून घेतली असन!" तारांवर लोंबकळणारी माकडं, आकडा टाकून वीज घेणारा लग्नाचा मांडव, पतंग उडवणारी पोरं, तक्रारीचा फोन न उचलणारा वीजवाला, सगळे त्यांच्या पिंजऱ्यात उभे राहून गेले.

आणि प्रत्येक आरोपीचं वकीलपत्र काका घ्यायचे. आतल्या खोलीतून त्यांचा बारीक, घासल्यासारखा आवाज यायचा. "काहून त्या माकडाच्या मागे लागली तू? त्याला काय माहीत... कोणती तार कुठं जाते?" काकांची फुफ्फुसं निकामी होत चालली होती. नाकाला नळी, आणि नळीच्या दुसऱ्या टोकाला कोपऱ्यात घुरघुरणारी ऑक्सिजनची मशीन. मशीन विजेवरची. घरचा इन्व्हर्टर एक-दोन दिवे सांभाळायचा, मशीन त्याला झेपत नसे. लाईट गेली की ती कर्कश ओरडायची, मग काकू नळी काढून शेजारच्या सिलिंडरला जोडायच्या आणि चावी फिरवायच्या. हात हे काम करायचे आणि तोंड ग्रेवालजींना झोडपायचं.

एका हिवाळ्यात सकाळी आरोपी व्हायची वेळ माझ्यावर आली. मी गीझर लावला आणि लाईट गेली. "वरच्या पोरीचा गीझर!" असा पुकारा झाला. मी तणतणत खाली आले. "काकू, अख्ख्या गल्लीची लाईट गेलीय. माझ्या एका गीझरनं कशी जाईल?" काकू सिलिंडरच्या चावीशी वाकल्या होत्या. त्यांनी तोंडावर बोट ठेवलं आणि हलक्या आवाजात म्हणाल्या, "मले का कळत नाही ते? तू मधात बोलू नको. त्यांना बोलू दे."

आतून काका म्हणाले, "अगं, पोरीनं थंड पाण्यानं... आंघोळ करायची काय इथल्या थंडीत?" काकू डोळे मिटून ऐकत होत्या. वाक्य संपलं तसा त्यांचा जीव भांड्यात पडला. मग म्हणाल्या, "ते बोटाला लावायचं यंत्र आहे ना, ते थंडीत काहीही आकडे दाखवते. मी यांचं वाक्य ऐकते. कुठं तुटते, किती वेळ तुटते. विचारलं तर म्हणतात, ठीक आहे. ठीक आहे म्हणायला दम लागत नाही. भांडायला लागतो."

त्या दिवसापासून माझी शांतता गेली. पूर्वी लाईट गेली की मला लॅपटॉपची काळजी असायची. आता मी जिन्यात येऊन उभी राहायची आणि आधी काकूंच्या आरोपाची, मग काकांच्या उत्तराची वाट बघायची. दोन्हींच्या मधली ती जागा मला खायला उठायची. ऑफिसात असताना आभाळ भरून आलं की मी काकूंना मेसेज करायची, "लाईट आहे ना?" त्यांचं उत्तर यायचं, "आहे. सिलिंडर पण भरलेला आहे. काम कर." उन्हाळ्यात वाक्यं आखूड होत गेली. काका आता पूर्ण बचाव करत नसत, "सोड ना" एवढंच म्हणत. काकू मात्र आरोप वाढवत चालल्या होत्या. काका चिडून बोलतील असं काहीतरी शोधायच्या, त्यांच्या आवडत्या हवाई दलालासुद्धा सोडायच्या नाहीत.

जूनमधली ती दुपार. आंधी आली, पिवळ्या धुळीनं समोरचं काही दिसेना, कुठेतरी झाड तारांवर पडलं आणि लाईट गेली. मशीन ओरडली. मी खाली धावले. काकूंनी सिलिंडर जोडला आणि नेहमीसारख्या कडाडल्या, "ग्रेवालचा एसी! मी सांगून राहिली तुम्हाला, त्याच्यामुळंच हे!"

मग काकांचा आवाज आला, "तुझंच खरं."

काकूंच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला. "हो म्हणाले," त्या माझ्याकडे बघून पुटपुटल्या, "हे हो म्हणाले गं." आणि अनवाणी जिना उतरत ओरडल्या, "पाजी! गाडी निकालो!" ग्रेवालजी बनियनवरच बाहेर आले. त्यांनी काकांना उचलून गाडीत ठेवलं. मी सिलिंडर मांडीवर धरून मागे बसले. धुळीतून हॉर्न वाजवत ते गाडी हाकत होते आणि काकू काकांच्या कानाशी सतत म्हणत होत्या, "माझं काहून खरं? कधीपासून माझं खरं व्हायला लागलं? बोला ना, भांडा ना."

त्या खेपेला काका परत आले. पण भांडण परत आलं नाही. लाईट गेली की काकू आरोप करायच्या आणि ते नुसता हात उचलून दाखवायचे. तेवढ्यावर काकूंनी पावसाळा काढला, दिवाळी काढली.

ते गेले धुक्याच्या एका सकाळी. मशीन कोपऱ्यात घुरघुरत होती, तिचा हिरवा दिवा नीट लागलेला होता. माणसं जमली. काकू भिंतीला टेकून बसल्या होत्या, डोळे कोरडे. कुणाचं बोलणं त्यांच्यापर्यंत पोचत नव्हतं. मला त्यांची भीती वाटायला लागली. ग्रेवालजी हात जोडून दारात उभे होते. काकूंनी त्यांच्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "पाजी, आज तो लाईट भी नहीं गयी. अब मैं किसको बोलूँ?"

ग्रेवालजी आत आले आणि त्यांच्यासमोर जमिनीवर बसले. "मैनूं बोल लो, भाभीजी," ते म्हणाले.

तेव्हा कुठे काकूंना रडू फुटलं.