अर्धी पट्टी

माझी मावशी लॉन्ड्री चालवते आणि सगळी गल्ली तिला पट्टीमावशी म्हणते. कपडा डॉक्टरीणबाईंचा कोट असो की शेजारच्या पोराची शाळेची चड्डी, मावशी कापडाची एक पट्टी काढते. तिच्या दोन्ही टोकांना एकच नंबर असतो. पट्टी मधोमध फाडून ती अर्धी कपड्याला पिनेने लावते आणि अर्धी गिऱ्हाइकाच्या हातात देते. अर्धी आणली नाही तर कपडा मिळत नाही. एकदा मी माझाच ड्रेस न्यायला रिकाम्या हाताने गेले, तर सख्ख्या भाचीला तिने पट्टी शोधायला घरी पिटाळलं.

तिला लेकीकडे पोहोचवायला मी सोबत निघाले. विमानतळावर चौकटीतून जाताच यंत्र ओरडलं. तपासणीवाल्या बाईंनी मावशीच्या सोन्याच्या बांगड्यांकडे बोट केलं.

"काढा आणि ट्रेमध्ये ठेवा. ट्रे मशीनमधून जाईल. तुम्ही पडद्यामागे या, हाताने तपासायचंय."

"म्हणजे बांगड्या इकडे आणि मी तिकडे?"

"हो. तसंच असतं."

"माझ्याकडे तसं नसतं," मावशी म्हणाली आणि जागची हलली नाही.

त्या बांगड्या तिने वर्षानुवर्षं इस्त्रीवर हात भाजून घेऊन केल्या आहेत. माहेरचे दागिने तिच्या सासूने लग्नाच्या दुसऱ्याच दिवशी "जपून ठेवते" म्हणून काढून घेतले होते. ते पुढे नणंदेच्या गळ्यात दिसले. घरात हे सगळ्यांना ठाऊक आहे, पण बोलायचं म्हटलं की प्रत्येकाला कामं आठवतात. म्हातारी जाऊन जमाना झाला, तरी मला तिचा राग येतो आणि तो मी लपवत नाही.

मागे रांग तुंबली. कुणीतरी म्हणालं, "आजी, आमचं विमान चुकेल." मावशीने वळून त्याच्याकडे असं पाहिलं की तो बुटाची नाडी सोडायला लागला.

शेवटी मोठे साहेब आले. "बाई, इथे रोज हजारो लोक सामान ठेवतात. कुणाला काही भीती वाटत नाही."

"त्यांच्या सामानाचं ते बघतील. मी तपासणीला नाही म्हणत नाही, साहेब. दहा वेळा तपासा. पण माझी वस्तू माझ्या नजरेआड जाणार असेल, तर ती मलाच परत मिळेल याची खूण मला हवी."

साहेबांनी कपाळावरून हात फिरवला. तपासणीवाल्या बाईंना मात्र हसू आलं. "काय खूण हवी?"

मावशीने कमरेला खोचलेल्या बटव्यातून पट्टी काढली आणि टर्रकन फाडली. बांगड्या सहज निघेनात, मनगट लाल झालं, तरी तिने कुणाला हात लावू दिला नाही. त्या तिने बटव्यात घातल्या, बटव्याला अर्धी पट्टी अडकवली आणि उरलेली मुठीत धरली. "ही दाखवेल त्यालाच द्यायचं. दुसऱ्या कुणाला नाही." मग ताठ मानेने दुसऱ्या एका बाईंबरोबर पडद्यामागे गेली.

ट्रे मशीनच्या पलीकडे आला. लोक घाईघाईने आपापलं उचलत होते. बटवा आपल्याकडे असलेला बरा, म्हणून मी हात पुढे केला. मशीनपाशी थांबलेल्या तपासणीवाल्या बाईंनी ट्रे मागे ओढला.

"पट्टी?"

"अहो, मी भाची आहे तिची."

"पट्टी आणा."

मी दोन्ही हात खाली घेतले. एवढ्यात मावशी आली. तिने मूठ उघडली, बाईंनी दोन्ही नंबर जुळवून पाहिले आणि बटवा तिच्या हातात दिला. मावशीने बांगड्या तिथेच काढून पाहिल्या.

"मावशी, एक विचारू?" बाई म्हणाल्या. "मी त्या घेऊन कुठे पळणार होते?"

मावशी बांगडी मनगटावर चढवत होती.

"माझी सासू तरी कुठे पळाली होती? समोरच तर बसायची."