घाबरणारी शाळा

पिंपरीच्या डॉक्टरबाई "ऑटिझम आहे" म्हणाल्या, तेव्हा माझी इनाया त्यांच्या टेबलाखाली बसून वजनकाट्यावरचा इंग्रजी मजकूर मोठ्याने वाचत होती. पाच वर्षांचीही झाली नव्हती ती. मी मनात म्हटलं, एवढं वाचणाऱ्या पोरीला कसला आलाय आजार.

पूर्ण नाव ऑटिझम स्पेक्ट्रम डिसऑर्डर. म्हणजे मेंदूची घडणच वेगळी असते. बोलणं, नजरेला नजर देणं, आवाज सोसणं, सगळं त्या मुलाच्या तऱ्हेने चालतं. दुसरा शब्द हायपरलेक्सिया. म्हणजे वयाच्या फार पुढचं वाचता येतं, पण अर्थ आणि रोजचं बोलणं मागे राहतं. आमच्या घरी हे असं होतं, की इनाया 'पाणी' हा शब्द चार लिप्यांत वाचायची, पण तहान लागली तर सांगायची नाही. फ्रीजपाशी उभी राहून रडायची.

"हा ताप नाही, उतरायची वाट बघू नका," डॉक्टरबाई म्हणाल्या. "थेरपी सुरू करू. पण शाळा नीट निवडा. शाळा चुकली तर मी इथे बसून फार काही करू शकणार नाही."

चार लिप्या कुठून आल्या, तर ट्रकवरून. माझे मिस्टर रियाज यांचं चाकणला ट्रकच्या वायरिंगचं गॅरेज आहे, आणि आम्ही गॅरेजच्या मागेच राहतो. देशभरच्या गाड्या येतात. मागच्या फळीवर काहीबाही रंगवलेलं असतं, ड्रायव्हर लोक हौसेने अक्षरं सांगतात. एका तमिळ ड्रायव्हरने तर तिचं वाचन ऐकून मला विचारलं, तुमचं माहेर आमच्याकडचं का. माझं माहेर राजगुरुनगरचं.

हसू यायचं, पण भीतीही वाटायची. कारण चालता ट्रक दिसला, की त्यावरचं वाचायला ती हात सोडून रस्त्यावर धावायची. हाक मारली तरी वळायची नाही. याला थेरपिस्ट इलोपमेंट म्हणतात, म्हणजे धोक्याचं भान न राहता मूल अचानक पळून जाणं. तिची हुशारी आणि तिचा मृत्यू एकाच फळीवर रंगवलेले आहेत, असं मला वाटायचं. असं लिहिताना आजही कसंतरी होतं, पण वाटायचं खरं.

थेरपीच्या बाहेरच्या बाकावर आम्ही आया तासन्‌तास बसायचो. सगळ्यांचा विषय एकच, शाळा. कोणाच्या मुलाला वर्गाबाहेर बसवलं होतं, कोणाला गोड बोलून नाव काढायला सांगितलं होतं. ते ऐकून मी रोज थोडी जास्त घाबरून घरी यायचे.

पहिली पाहिली ती निगडीची विशेष शाळा. माणसं मायेची होती. पण वर्गात रंग ओळखायला शिकवत होते, आणि इनाया भिंतीवरचे आग विझवायचे नियम वाचत बसली. तिथल्या ताईच म्हणाल्या, "ही इथे सुरक्षित राहील, पण कंटाळून डोकं आपटायला लागेल." त्यांनी खरं सांगितलं, त्यांचे उपकार आहेत.

दुसरी शाळा मोठी, काचेची. इनायाने त्यांच्या ऑफिसातलं वर्तमानपत्र वाचून दाखवलं आणि मुख्याध्यापिका मॅडम खूश झाल्या. म्हणाल्या, हिला आपण गॅदरिंगला स्टेजवर उभी करू. मी पळण्याबद्दल सांगितलं. त्यांनी हसून हात झटकला. "एवढ्या मुलांत काही होत नाही. आमच्याकडे जागोजागी कॅमेरे आहेत. घाबरू नका."

आम्ही फाटकाबाहेर आलो आणि समोरून कंटेनर गेला. माझ्या हातातून तिचा हात कसा निसटला, कळलंच नाही. मी जिवाच्या आकांताने ओरडले. ती वळली नाही. तेवढ्यात रियाजने शाळेच्या पत्र्याच्या फाटकावर तळहाताने एक जोरदार थाप मारली आणि इनाया रस्त्याच्या कडेला जागच्या जागी थांबली.

ट्रकवाल्यांची ही रीत आहे. गाडी मागे घेताना क्लीनर बाजूने थापा मारतो. एक म्हणजे थांब, दोन म्हणजे येऊ दे. गॅरेजात दिवसभर हेच चालतं. नावाने न थांबणारी पोर थापेने थांबली. रियाज तिथेच खाली बसला. "मला बी म्हाईत नव्हतं गं," तो म्हणाला. "हात आपसूक गेला."

मॅडमनी वरच्या खिडकीतून सगळं पाहिलं होतं. तरीही खाली येऊन त्या म्हणाल्या, "बघा, काही झालं नाही ना?"

तिसरी शाळा आमच्याच भागातली, हायवेपासून आत, बैठी. तिथल्या मोठ्या बाईंनी इनायाला काय येतं ते विचारलंच नाही. ती कशाने पळते, ते विचारलं. आम्ही सगळं सांगितलं, थापेसकट. बाईंनी उठून खिडकीतून फाटकाकडे पाहिलं.

"खरं सांगू का, मला भीती वाटतेय," त्या म्हणाल्या. "आमचं फाटक कुणीही उघडतं. दोन दिवस द्या. जमणार नसेल तर स्पष्ट नाही म्हणेन."

मला वाटलं, हीही गेली. घरी येऊन मी जेवले नाही. पण बाईंचा निरोप आला, रियाजभाऊंना पाठवा. फाटकाला वरच्या अंगाला दुसरी कडी लावून झाली होती. रियाजने शिपायाला, शिक्षिकांना, अगदी खिचडीवाल्या मावशींनाही थाप कशी मारायची ते शिकवलं. आणि बाईंनी इनायाला ग्रंथालयाच्या कपाटाची किल्ली दाखवून सांगितलं, रोज मधल्या सुट्टीत हे उघडेल.

तुमच्यावर ही वेळ आली तर एवढंच सांगते. 'घाबरू नका' म्हणणारे खूप भेटतील. तुमच्याबरोबर घाबरणारं कोणी भेटतं का, ते बघा.

इनायाची थेरपी चालू आहे आणि माझी भीतीही गेलेली नाही. शाळा सुरू झाल्यावर पहिल्याच आठवड्यात भर दुपारी बाईंचा फोन आला. स्क्रीनवर शाळेचं नाव पाहून मला फोन उचलवेना. शेवटी उचलला.

"काही झालेलं नाही," बाई घाईघाईने म्हणाल्या. "ती खिचडी खातेय. तुम्ही घाबरून बसला असाल, म्हणून सांगायला फोन केला."