सुकेशनी मॅडमनी मागे घेतलेला अहवाल

सुकेशनी खंदारे कुणाच्याही घरी गेली की टेकायच्या आत पाणी मागायची. तहान लागायची म्हणून नव्हे. तांब्या आणायला घरातलं कोण उठतं, कुणाच्या इशाऱ्यावर उठतं, उठताना कुणाकडं बघतं, हे तिला बघायचं असायचं. नऊ वर्षं झाली, परभणीत लेकरांच्या प्रकरणांची चौकशी करायची नोकरी. अकरा-अकरा महिन्यांच्या करारावरची. घरी जायचं, शेजारीपाजारी विचारायचं, शाळेत जायचं, मग अहवाल लिहून बालकल्याण समितीच्या बैठकीत मांडायचा. लेकरू कुणाच्या हाती द्यायचं ते समिती ठरवणार. पण समिती बघणार ती सुकेशनीच्या डोळ्यांनी. म्हणून तिनं डोळ्यांना शिस्तच लावली होती. कुणावर विश्वास ठेवायचा नाही.

नवरा सिद्धोधन पूर्ण्याला रेल्वेत. तो म्हणायचा, "तुझ्यापुढं खरं बोलायचंबी भ्या वाटतंय. सरळ बोललो तर म्हणशील, एवढं सरळ कामून बोलायलात?"

"मंग कामून बोलायलात?" ती विचारायची, आणि त्याला कळायचं नाही की हसावं की खुलासा द्यावा.

हा संशय नोकरीनं दिलेला नव्हता. तिचं माहेर उदगीरकडचं. थोरली बहीण नववीत असताना घरात सांगण्यात आलं, ती मामाकडं शिकायला चाललीय. नवीन चपला, नवीन दप्तर. चार महिन्यांनी बहीण परत आली ती गळ्यात काळी पोत घालून, मामाचीच बायको होऊन. तेव्हापासून 'शिकायला ठेवतो' हे शब्द कुणी उच्चारले की सुकेशनीच्या मानेवर काटा यायचा.

आणि महारुद्र नेमका तेच बोलला.

प्रकरण सृष्टीचं होतं. पंधरा वर्षांची, दहावीत. गाव ताडकळसच्या अलीकडं. उन्हाळ्यात तिच्या दारात मांडव पडला, पाहुणे जमले आणि कुणीतरी लेकरांच्या मदतीच्या नंबरावर फोन केला. पोलीस आले, लग्न थांबलं, बाप दत्तरावानं हमीपत्रावर सही केली. पोरगी मुलींच्या बालगृहात गेली. आता शाळा सुरू होऊन दोन महिने झाले होते. आईबापाकडं लगेच पाठवायला समिती तयार नव्हती, म्हणून नातेवाइकांचे अर्ज मागवले. दोन आले. एक मामाचा, एक आत्याचा. गुरुवारच्या बैठकीत एकाच्या हाती पोरगी जाणार होती, आणि ते घर चुकलं तर ती दहावीच्या वर्गात नव्हे, परत मांडवात दिसणार होती.

मामा महारुद्र सत्तावीस वर्षांचा, पूर्ण्यात विहिरीच्या मोटारी दुरुस्त करायचं दुकान. घरात तो आणि म्हातारी आई बायनाबाई. सुकेशनी गेली तेव्हा भिंतीला ताजा रंग होता. कोपऱ्यात नवी लोखंडी कॉट, तिच्यावरचं प्लॅस्टिकही काढलेलं नव्हतं.

"हे कुणासाठी?"

"सृष्टीसाठी. माज्याकडं द्या. शिकवतो."

मानेवर काटा आला.

"तुमी लग्न कामून केलं न्हाई अजून?"

"जमलं न्हाई."

"कामून?"

"ते पोरींच्या बापांना इचारा. जमीन इचारत्यात, अन् माज्याकडं पान्हे हायेत."

"आत्या मागायलीय तिला. परभणीत हाय, शाळा जवळ. तिकडं कामून नको?"

महारुद्रनं हातातल्या तारेचा वेढा मोडला, परत घातला. "आत्याकडं नको."

"पण कामून?"

"नको म्हणलं ना, मॅडम."

सुकेशनीनं वहीत लिहिलं : कारण सांगण्यास टाळाटाळ. खाली दोन रेघा मारल्या.

आत्या सरजाबाईंचं घर विद्यापीठाच्या रस्त्याला. अंगणात तुळस, पायऱ्या धुतलेल्या. त्यांनी पोह्यांची बशी पुढं केली, क्लासची चौकशी करून आणलेला कागद दाखवला, खिडकीपाशी ठेवलेलं टेबल दाखवलं. सगळं न मागता.

"भावाची एकुलती लेक हाय हो. तिची माती व्हवू देऊ का मी? आमचा योगीराज पुण्याला कंपनीत असतो, दोन-चार महिन्यांनी येतो. त्याचंबी जमलंय. दिवाळीनंतर बार उडवून टाकू. मग हे घर खायला उठंल बगा मला. ही असली तर तेवढीच सोबत."

योगीराज, वय तेवीस. आत्याच्या मुलाचा मामाच्या मुलीवर हक्क समजणारी घरं सुकेशनीला माहीत नव्हती असं नाही. पण त्याचं तर जमलं होतं. तिनं लिहिलं : मुलाचा विवाह ठरलेला असल्याने धोका संभवत नाही. आणि वही मिटून पोहे खाल्ले. एरवी ती चौकशीच्या घरी खात नसे.

अहवाल मंगळवारी दिला. सहा पानं. शिफारस : आत्या.

गुरुवारी ती बैठकीच्या तासभर आधी आली. ही तिची जुनी पद्धत. लेकराला बैठकीची खोली आधी रिकामी दाखवायची, म्हणजे भरलेली बघून ते दचकत नाही.

"ही खुर्ची अध्यक्ष सरांची," ती सृष्टीला म्हणाली. "ते चष्मा कपाळावर चढवून बघतात. रागावल्यासारखे दिसतात. रागावलेले नसतात."

"अन् ही?"

"संघप्रिया मॅडमची. वकील आहेत. त्या हसून विचारतात. तिथं मात्र सांभाळून."

सृष्टी खुदकन हसली. "अन् तुमी?"

"मी त्या भिंतीला."

"एवढ्या लांब?"

"ऐकू येईल एवढी जवळ. आणि हे बघ, एखाद्या प्रश्नाचं उत्तर द्यावं वाटलं नाही तर नुसतं पाणी माग. मी तिथंच थांबवते."

"मी आत्याकडं राहायचं म्हणणार."

"कुणी सांगितलं म्हणायला?"

"कुणीच न्हाई." उत्तर फार लवकर आलं. दुसऱ्या कुणाच्या प्रकरणात सुकेशनी तिथंच थबकली असती. पण पोरगी तिच्याच अहवालातलं बोलत होती.

खाली व्हरांड्यात आल्या तेव्हा ऑटो थांबलेला होता. दत्तराव, सृष्टीची आई राजेश्री आणि सरजाबाई उतरत होते. महारुद्र वेगळा मोटारसायकलवर आला होता आणि लिंबाच्या झाडाखाली सगळ्यांकडं पाठ करून उभा होता. सुकेशनीनं टपरीवरून आलेला चहा हातात घेतला आणि नेहमीसारखी बघत राहिली.

सृष्टी पळत जाऊन आईला बिलगली. ओढणी गळ्यातून खाली घसरली, तिचं तिला भान नव्हतं. बापापुढं मान खाली घातली, डोकं उघडंच. मग सरजाबाई म्हणाल्या, "सृष्टी बाळा."

पोरगी थांबली. घसरलेली ओढणी उचलून तिनं डोक्यावर घेतली, कपाळापर्यंत ओढली, आणि वाकून आत्याच्या पाया पडली. सरजाबाईंनी आजूबाजूला एकदा बघितलं आणि घाईनं ती ओढणी मागं सारली.

चहा सुकेशनीच्या हातात तसाच राहिला. बापापुढं डोकं उघडं, आत्यापुढं झाकलेलं. असं डोकं पोरी कुणापुढं झाकतात, ते सांगायला तिला कुठलं प्रशिक्षण लागत नव्हतं.

तिनं पिशवीतून अहवालाची आपली प्रत काढली. चौथं पान. 'मुलाचा विवाह ठरलेला असल्याने.' अक्षर तिचंच. नऊ वर्षं ज्या बाईनं सख्ख्या नवऱ्याला आडवेतिडवे प्रश्न विचारले, तिनं इथं साधं एक विचारलं नव्हतं. कुणाशी?

"सृष्टी, एक सही राहिली. वर ये जरा."

खोलीत दोघीच. सुकेशनीनं वही उघडली. "आत्याच्या घरात कोण कोण असतं? लिहून घेते."

"आत्या. आतोबा."

"अजून?"

"भांड्याला एक बाई येती."

"पोरगा हाय ना आत्याला? नाव काय त्याचं?"

सृष्टीनं ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं. "तुमाला ठावं हाय की."

"मला लिहायचंय. तू सांग."

टोक बोटाला घट्ट आवळलं गेलं, नख पांढरं पडलं. नाव काही तोंडातून येईना.

"पाणी पाहिजे," सृष्टी म्हणाली.

सुकेशनीनं वही मिटली.

बैठक सुरू झाली. सृष्टीला समिती नंतर एकटीला ऐकणार होती, ती बाहेर. आत अर्जदार, आईबाप आणि भिंतीला सुकेशनी. अध्यक्षांनी चष्मा कपाळावर चढवला.

"खंदारे मॅडम, अहवाल वाचला. चांगला झालाय. आत्याकडं द्यावं म्हणताय."

"सर, मी तो अहवाल मागं घेते."

"आं? परवा दिला, आज मागं?"

"चौथ्या पानावर चूक आहे. माझीच. एक प्रश्न विचारायचा राहिला. आत्ता विचारू द्या."

अध्यक्षांनी संघप्रिया मॅडमकडं बघितलं. त्यांनी मान हलवली. सुकेशनी उठून उभी राहिली. करार पुढच्या महिन्यात संपत होता आणि नव्या करारासाठी तिचं काम कसं आहे, हे याच लोकांना विचारलं जाणार होतं.

"सरजाबाई, योगीराजचं कुणाशी जमलंय?"

"हे काय इचारणं झालं? आमच्या घरातली बात हाय."

"आनंदाचीच बात आहे की," संघप्रिया मॅडम हसून म्हणाल्या. "पाहुणे कुठले?"

"हितलेच. जवळचे."

"गाव?"

"अजून बोलणी चालू हायेत."

"म्हणजे जमलंय, का बोलणी चालू आहेत?"

सरजाबाईंनी पदर सावरला. उत्तर आलं ते दत्तरावाकडून, भडाभडा. "साहेब, नुसतं बोलून ठिवलंय! गावात पोरीचं नाव झालं, कोन करणार तिला? सख्ख्या बहिणीनं पदरात घेतलं. घरातल्या घरात. त्यात गुन्हा काय? अठरा पुरी झाल्याबिगर करायलाय कोन?"

"दत्ता!" सरजाबाई ओरडल्या.

"मला त्यांनी 'दिवाळीनंतर बार' असं सांगितलंय, सर," सुकेशनी वही उघडून टेबलावर ठेवत म्हणाली. "त्या दिवशीच्या तारखेनिशी वहीत आहे."

"दिवाळीला सृष्टी किती वर्षांची होते, दत्तराव?" संघप्रिया मॅडम अजून हसतच होत्या.

सृष्टीला आत बोलावलं, बाकीच्यांना बाहेर काढलं. अर्ध्या तासानं निर्णय झाला. आत्याचा अर्ज नामंजूर. परीक्षा होईपर्यंत मुलगी बालगृहात, तिथूनच शाळा. मामाची चौकशी नव्यानं.

"पण ती दुसऱ्या कुणीतरी करायची," संघप्रिया मॅडम म्हणाल्या. या वेळी त्या हसल्या नाहीत. "तुमचं मत आधीच ठरलेलं होतं, खंदारे मॅडम. तुमच्या वहीतल्या दोन रेघा मला इथून दिसल्या."

"बरोबर आहे, मॅडम."

बाहेर सृष्टी भिंतीला टेकून उभी होती. सुकेशनी जवळ गेली तशी ती दोन पावलं सरकली.

"मला सुखानं शाळंत जायचंय, पण तुमी आत्याला सगळ्यांम्होरं बोलला. आत्या आता सगळं आईवर काढंल. आईला कोण बघंल?"

सुकेशनीनं वही पिशवीत टाकली. ती खाली उतरली. महारुद्र गाडीला किक मारायच्या बेतात होता.

"तुमाला ठाऊक होतं."

"व्हतं."

"मंग बोलला कामून न्हाई?"

"माजी बहीण नांदायची हाय तिथं. माज्या तोंडातनं निघालं असतं तर संध्याकाळच्याला ती माज्या दारात असती, पिशवी घिऊन."

"मला एकटीला सांगायचं."

"तुमी दारात पाय ठिवल्यापसनं मला चोरावानी बघायलत्या. इश्वास ठिवला असता?"

सुकेशनीनं विचार केला. "नसता ठेवला."

"आता?"

"आता दुसऱ्या बाई येतील. त्यांना नीट बोला. ते पान्ह्याचं वगैरे सांगू नका."

तो हसला नाही, पण गाडी चालू करताना त्याची मान जरा ताठ झाली. ती तेही बघून घेत होती. नवी कॉट, ताजा रंग. यातलं काहीच अजून तिच्या मनातून गेलेलं नव्हतं.

ऑटोपाशी सरजाबाई भावजयीला दबक्या आवाजात झाडत होत्या. "तुज्या लेकरानं आज माजं तोंड काळं केलं, राजेश्री. घरी चल तू." राजेश्री हातातल्या पिशवीचे बंद मोजल्यासारखी चाचपत होती. सकाळपासून तिनं एक शब्द उच्चारला नव्हता.

सुकेशनी तिथं गेली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा, जेवढा काढता येईल तेवढ्या कडक आवाजात म्हणाली, "राजेश्रीबाई! दर सोमवारी मुलीला भेटायला यायचं. इथं रजिस्टरवर सही करायची. स्वतः. एक सोमवार चुकला की मी तुमच्या घरी येणार. पोलीस पाटलाला घेऊन, न सांगता."

"हिनं काय गुन्हा केलाय?" दत्तराव चवताळला.

"ते मी ठरवते. मला तुमच्या कुणाचाच भरवसा नाही."

"दर सोमवारी? रानातली कामं टाकून?" सरजाबाई म्हणाल्या.

"तुम्हाला नाही विचारलं. राजेश्रीबाई, कळलं का?"

राजेश्रीनं मान वर केली. सुकेशनीच्या चेहऱ्याकडं तिनं जरा वेळ निरखून बघितलं, हे काय चाललंय ते ताडून बघावं तसं. मग पिशवी काखेत धरली.

"कळलं," ती म्हणाली. "काय करायचं मग. सरकारी काम हाय. येते सोमवारी."

ऑटो सुरू झाला. आत बसता बसता सरजाबाई दत्तरावाला म्हणत होत्या, "लय संशयी बाई हाय ही." सुकेशनीनं ते ऐकलं. वरून शिपाई पुढच्या प्रकरणाला हाक मारत होता. पायऱ्या चढायच्या आधी तिनं वहीत सोमवारची तारीख लिहिली, आणि पुढं राजेश्रीचं नाव.