जेलागतचा नवरा

तपकुरगोईने जेलागतशी लग्न केलं तेव्हा ती पंचेचाळिशी ओलांडलेली विधवा होती आणि तिच्या पोटी मूल नव्हतं. आमच्या केनियातल्या नांदी टेकड्यांत अशी बाई काय करते हे सांगायला नको. ती मुलीच्या बापाला गुरं मोजून देते, रीतसर बायको आणते आणि त्या दिवसापासून नवरा होते. बायकोला होणारी मुलं तिच्या घराची. त्यांना जन्म देणारा कोण, हे विचारायची रीत नाही. असं केलं नाही तर मेलेल्या नवऱ्याचा भाऊ जमीन आणि गुरं दोन्ही गिळतो. तपकुरगोईचा दीर किपतानुई तर आ वासूनच बसला होता.

लग्नाच्या दिवशी म्हाताऱ्या अराप लेलने सगळ्यांसमोर तिला बजावलं, "आजपासून तू पुरुष. पाठीवर लाकडाची मोळी घ्यायची नाही. पाण्याला जायचं नाही. बाळंतिणीच्या खोलीत पाऊल टाकायचं नाही, कोवळ्या बाळाला हात लावायचा नाही. आणि पुरुषाचा संग कायमचा बंद."

शेवटचं वाक्य त्याने जरा मोठ्यानेच म्हटलं. लोक इकडेतिकडे बघायला लागले. जंगलापलीकडचा एक मधवाला तिच्या दारी फार येतो हे सगळ्यांना माहीत होतं. "एकट्या बाईला इतका मध लागतो तरी कशाला?" असं बायका एकमेकींना विचारत आणि हसत. लग्नानंतर तो दोनदा आला. दोन्ही वेळा तपकुरगोईने दार उघडलं नाही. नवराच गरोदर राहिला तर गाव हसून मरेल आणि घर बुडेल, एवढं तिला कळत होतं. दुसऱ्या वेळी तो बराच वेळ बाहेर उभा होता. तिला तो मनापासून आवडायचा. पण हे तिने कुणाला सांगितलं नाही, आणि कुणी विचारलंही नाही.

नवरा होणं तिला वाटलं होतं तितकं सोपं गेलं नाही. डोक्याला कळलं तरी अंगाला कळायला वेळ लागतो. वाटेत वाळकं लाकूड दिसलं की ती सवयीने वाकायची आणि मागून एखादं पोर ओरडायचं, "बाबा, ते तुमचं काम नाही!" आधी जेवायला बसायचं, ताट समोर येईपर्यंत उठायचं नाही, हे शिकायला तिला वर्ष लागलं. दुसऱ्याचं बोलणं मध्येच तोडायला मात्र ती लवकर शिकली. ते तिला आवडलंही. पुरुषांच्या बैठकीत तिला स्टूल मिळालं, पण ते कडेला. तिकडे बायकांच्या घोळक्यात गेली की हसणं थांबायचं आणि सगळ्या सावरून बसायच्या. न घरची न घाटची अशी तिची दोनेक वर्षं गेली.

सगळ्यांत जड गेलं ते सुईणपण सोडणं. गावातली निम्मी पोरं तिच्या हातांत जन्मली होती. आता कुणाच्या घरून कळा ऐकू आल्या की ती वाट बदलून जायची.

तिसऱ्या वर्षी जेलागतला दिवस गेले. पोरगी हसरी, कामसू आणि तोंडाची तिखट होती. तपकुरगोईला ती "अहो" म्हणायची आणि वर चिडवायचीसुद्धा, "अहो, बाकीच्यांचे नवरे दारू पिऊन येतात. तुम्ही कधी येणार?"

कळा सुरू झाल्या त्या भर दुपारी. आत किपतानुईची बायको जेरोनो होती. दुसऱ्यांची चार बाळंतपणं पाहिलेली, पण स्वतःच्या हाताने एकही न केलेली. चहाच्या मळ्यातला ट्रॅक्टर कारखान्यावर गेला होता, त्यामुळे जेलागतला दवाखान्यात नेण्याची सोय नव्हती. तपकुरगोई रीतीप्रमाणे गोठ्याजवळ स्टुलावर बसली होती. किपतानुई मुद्दाम येऊन शेजारी टेकला.

"बस निवांत," तो म्हणाला. "पुरुषाला काय, वाट बघायची."

थोड्या वेळाने जेरोनो घामाघूम होऊन दारात आली. "बाळ पायाळू आहे. एकच पाय आलाय. मला नाही जमत."

"ओढू नकोस," तपकुरगोई बसल्या जागेवरून ओरडली. "तिला कुशीवर वळव. दुसरा पाय चाचपून बघ."

"चाचपू कुठे? हाताला काही लागतच नाहीये!"

जेरोनो आत गेली. जेलागतचं ओरडणं वाढलं, मग घोगरं झालं आणि एकदम थांबलं. ही शांतता तपकुरगोईने पूर्वी दोनदा ऐकली होती आणि दोन्ही वेळा घरात मयत झालं होतं. ती उठली.

"वहिनी," किपतानुई हळूच म्हणाला, "आत गेलीस तर बाईच ठरशील हं. मग लग्न कसलं आणि वारस कसला?"

तिने ते नीट ऐकलं. घर, कुरण, गुरं, सगळं त्या एका उंबऱ्यावर होतं. ती आत गेली.

जेलागतने डोळे किलकिले केले. "अहो, तुम्ही?"

"गप. कळ आली की जोर लाव. आत्ता नाही, मी सांगेन तेव्हा."

हात काहीच विसरले नव्हते. बाळ निळं पडून बाहेर आलं, पाठीवर दोन चापट्या बसल्यावर रडलं. मुलगी होती. तपकुरगोईने तिला पुसलं, छातीशी धरलं, जरुरीपेक्षा जरा जास्तच वेळ धरलं आणि मग आईकडे दिलं. बाहेर येऊन तिने हात धुतले. संध्याकाळ होत आली होती म्हणून दोन्ही घरांच्या सामाईक गोठ्याचं फाटक उघडून तिने गुरं आत घेतली. आता होईल ते होईल, असं तिच्या मनात होतं.

आठवड्याच्या आत किपतानुईने झाडाखाली बैठक बोलावली. तो तयारीनेच आला होता. "माझ्या डोळ्यांदेखत ही बाळंतिणीकडे गेली. मूल हातात घेतलं. हे बाईचं काम. म्हणजे ही बाई आहे. लग्न मोडा, गुरं परत आणा आणि भावाचं घर माझ्या हवाली करा."

माणसांनी माना डोलावल्या. तपकुरगोई स्टुलाच्या कडा धरून बसली होती. अराप लेलने घसा साफ केला. आता तो निकाल देणार हे तिला दिसत होतं.

"आणखी काही म्हणायचंय?" त्याने रीतीप्रमाणे किपतानुईला विचारलं.

इथे किपतानुई गप्प बसता तर आज त्याची पोरं तिच्या कुरणात गुरं चारत असती. पण हाव माणसाला गप्प बसू देत नाही.

"आहे ना!" तो उसळला. "माझा बैल! त्याच विटाळलेल्या हातांनी हिने गोठ्याचं फाटक उघडलं आणि तिसऱ्या दिवशी बैल आडवा झाला. त्याची भरपाई कोण देणार?"

तपकुरगोईने मान वर केली.

"किपतानुई, तुझी जेरोनो माझ्याआधीपासून आत होती. तिने त्याच संध्याकाळी तुझ्या गाईंच्या धारा काढल्या. कुठली गाय मेली?"

"ती कशाला मरेल? जेरोनो बाई आहे. बाईला बाळंतिणीचा विटाळ बाधत नाही, आणि तिच्यापायी गुरांनाही बाधत नाही. तो बाधतो फक्त पुरुषा..."

तो थांबला. मग मागच्या रांगेत कुणीतरी खुदकन हसलं.

"तुला बैल हवाय," अराप लेल शांतपणे म्हणाला, "की तुझी वहिनी बाई हवीय? दोन्ही नाही मिळणार, बाबा."

किपतानुईने बरीच सारवासारव केली. पण तोंडातून गेलेलं परत येत नाही. निकाल झाला तो असा: तपकुरगोई पुरुष आहे आणि तिने पुरुषाचा नियम मोडला आहे. तिने किपतानुईला एक बैल द्यावा. शुद्धीसाठी मेंढा कापावा. आणि पोर स्वतःच्या पायांनी चालायला लागेपर्यंत तिने त्याला शिवू नये.

एवढा दंड होऊनही कुणी इतक्या ताठ मानेने घरी गेलेलं आमच्याकडे आठवत नाही. दुसऱ्या दिवसापासून बैठकीतलं तिचं स्टूल कडेवरून आत सरकलं. किपतानुईही तिला वहिनी म्हणायचा बंद झाला. अवघड गेलं तर तिला काहीच न म्हणता बोलायचा, पण वहिनी म्हणाला नाही.

महिना झाला. एका दुपारी किपतानुई आणि जेरोनो बाजाराला गेली होती. आवारात शुकशुकाट होता. पोर सकाळपासून पोटदुखीने किंचाळत होती आणि जेलागत रडकुंडीला आली होती. तपकुरगोई बाहेरून सांगत होती, "कोमट तेल घे. बेंबीभोवती फिरव. अगं, इतक्या जोरात नाही. असं नाही गं!"

शेवटी जेलागत पोरीला घेऊन दारात आली आणि तिने ती सरळ नवऱ्यापुढे धरली.

"घ्या ना. तुमच्या हातात राहील ती गप. घ्या, कुणीसुद्धा बघत नाहीये."

तपकुरगोईचे हात पुढे झाले होते. तिने ते मागे घेतले आणि पाठीशी एकमेकांत घट्ट धरले.

"कुणी नाही कसं?" ती म्हणाली. "मी आहे की."

आणि ती गुरांकडे गेली.