शिवगंगाबाईंचं बोचकं

उदगीरच्या मोंढ्यामागच्या गल्लीत शिवगंगाबाईंना सगळे वाकळवाल्या बाई म्हणून ओळखतात. हे नाव पडलं तेव्हा त्यांनी एकही वाकळ, म्हणजे गोधडी, शिवलेली नव्हती, ही गोष्ट वेगळी. गल्लीतला पहिलवान तरी कुठे रोज कुस्ती खेळतो?

वाकळ शिवायची म्हणजे आधी कापड हवं, आणि बाई कित्येक वर्षं या पहिल्या पायरीवर मनोभावे उभ्या होत्या. इतरांच्या घरी ओटीत आलेला ब्लाउजपीस चार दिवस विसावा घेतो नि पुढच्या घरी जातो. फिरत फिरत कधी मूळ मालकिणीच्याच पदरात येऊन पडतो. शिवगंगाबाईंच्या घरात शिरलेला ब्लाउजपीस मात्र पुन्हा कुणाच्या नजरेस पडल्याचं ऐकिवात नाही. त्यांची ओटी भरताना गल्लीतल्या बायका हात जरा आखडता घेतात, तो त्यामुळेच.

नुसत्या ओटीवर भागत नाही म्हणून वीरण्णाचं कापडाचं दुकान.

“किती फाडू, अक्का?” वीरण्णा कात्री उचलून विचारतो.

बाई विचारात पडतात. एका वाकळीला किती कापड लागतं हे त्यांना ठाऊक नाही, कारण ते वाकळ शिवल्याशिवाय कळत नाही. पण कापड सुती, म्हणजे आकसणार. हा आंब्याच्या कोयरीचा छाप पुन्हा मिळणार नाही. कापताना चुकलं तर? आणि अस्तराला?

“थोडं जास्तच फाड.”

“केवढी वाकळ करून राहिल्यात, अक्का? किल्ल्यावर पांघरूण घालायचं हाय काय?”

“तू फाड रे. आमचे हे यायच्या आत घरी जायचंय मला.”

‘हे’ म्हणजे शिवशंकरअप्पा, मोंढ्यातल्या आडतीवरचे मुनीम. पोत्याकडे नुसती नजर टाकून आत सोयाबीन किती ते सांगतात. घरातल्या कापडाचा अंदाज मात्र त्यांना कधी आला नाही, कारण बाईंनी ते एका जागी ठेवलंच नाही. काही दिवाणाच्या पोटात, काही ज्वारीच्या कोठीत, आणि उन्हाळा सोडून बाकीचे दिवस काही कूलरमध्ये. खास ठेवणीतलं तेवढं एका थोरल्या बोचक्यात बांधून माळ्यावर. थंडीत पाहुणे आले की वाकळवाल्या बाई त्यांना बाजारातलं ब्लँकेट काढून देतात.

मग एक दिवस जागा पुरेना. बाईंनी घरातलं सगळं जुनंपानं भांडेवालीच्या पुढ्यात टाकलं. धुऊन धुऊन लोण्यासारखी झालेली अप्पांची धोतरं, स्वतःची पातळं, लेकीचे परकर. बदल्यात झाकणाचे मोठे स्टीलचे डबे घेतले, आणि त्या डब्यांत कापड भरलं.

“माझी घरात नेसायची लुंगी कुठं हाय?” अप्पांनी विचारलं होतं.

“तो काय, मधला डबा,” बाई म्हणाल्या होत्या.

इथवर सगळं सुखात होतं. मग थोरली लेक उज्वला पहिल्या बाळंतपणाला मुदखेडहून माहेरी आली आणि तिला मुलगी झाली. दुसऱ्याच दिवशी विहीणबाईंचा, रुक्मिणबाईंचा फोन.

“नात तुमच्यावर गेली म्हणतेत, बरं झालं बाई! बारशाला आमी येतोच. पर पोरीला वाकळ तुमच्या हातची पायजे. लई नाव ऐकलंय तुमचं.”

“हाव, हाव! त्यात काय एवढं!”

“आन् जुनेराची हां. कोरं कापड लेकराच्या अंगाला टोचतंय. घरच्या माणसानं अंगावर झिजवलेलं असलं म्हंजे त्याची ऊब येगळी.”

बाईंनी फोन ठेवला आणि भिंतीला टेकल्या. बोहल्यावरून नवरा हरवावा तसं झालं होतं. घरात कापड उदंड, जुनेर एक नाही. आणि येणारी बाई म्हणजे टाके मोजणारी. वाकळवालीच्या नातीला वाकळ नाही, ही बातमी तिच्या आधी मुदखेडला पोचली असती.

बाईंनी घर पालथं घातलं. पायपुसणं हातात घेऊन पाहिलं, ते सुद्धा नवं निघालं. मग त्यांची नजर अप्पांच्या अंगावर स्थिरावली.

“ह्ये बनियन किती दिवसांचं हो?”

“खबरदार!” अप्पा दाराकडे सरकले. “येवढं एकच उरलंय. बाकीच्यांचे तू डबे केलेस.”

बाई खाली बसल्या. डोळ्यांत पाणी आलं. “इतकं जमवलं ओ मी. नातीला पांघराया चिंधी न्हाई माझ्यापाशी.”

उज्वला बाळाला थोपटत पडली होती. तिथूनच म्हणाली, “आई, माळ्यावरचं बोचकं कशात बांधलंयस गं?”

बोचकं बांधलं होतं सासूबाईंच्या इरकली लुगड्यात. ठायी ठायी विरलेलं ते लुगडं भांडेवालीनं बोटाच्या चिमटीत धरून पाहिलं होतं आणि “ह्याला तर चमचा बी येत न्हाई” म्हणून परत केलं होतं.

अप्पा स्टुलावर चढले. गाठ सुटली, आणि माळ्यावरून कापडाचा असा लोंढा आला की अप्पा स्टुलासकट त्याच्यावरच बसले. लागलं काहीच नाही, खाली भरपूर मऊ होतं. कोयऱ्या, फुलं, चौकडे, खणाचे तुकडे. मुनिमाच्या नजरेनं पहिल्यांदाच खरा अंदाज घेतला.

“शिवगंगा,” अप्पा म्हणाले, “ह्यात दुकान निघतंय की गं.”

बाई ऐकायला होत्या कुठं? लुगडं मांडीवर घेऊन त्या सुईत दोरा ओवत होत्या. सासूबाई हयात असताना या लुगड्याला हात लावायची टाप नव्हती; आता त्याच्यावर धावदोरा चालला होता. पहिली ओळ नांदेडकडे निघाली ती लातूरला पोचली. बाईंनी उसवली, पुन्हा घातली. बोटाला सुई टोचली तरी उठल्या नाहीत. बारशापर्यंत पाळण्यापुरती वाकळ झाली.

रुक्मिणबाईंनी ती उलटीसुलटी करून पाहिली. “टाके वाकडे हायेत.” मग गालाला लावली आणि म्हणाल्या, “मऊ मातर हाय बाई.” बाळाला तिच्यात गुंडाळलं, तर ते लगेच झोपलं.

त्या दिवसापासून बाईंना कापडाचं मर्म कळलं. नव्याचं जुनं झाल्याशिवाय त्याची वाकळ होत नाही; आणि जुनं ते आपोआप होत नाही, कुणीतरी करावं लागतं. हल्ली शिवशंकरअप्पा ओट्यावर कोयरीच्या छापाची लुंगी नेसून बसलेले दिसतात. शेजारी हसतात.

“अप्पा, ह्ये काय?”

“जुनेर तयार करून राहिलो,” अप्पा गंभीरपणे म्हणतात आणि मांडी बदलून दुसरी बाजू झिजवायला घेतात.

परवा बाई पुन्हा वीरण्णाच्या दुकानात होत्या. पण आता अंदाज पक्का होता.

“किती फाडू, अक्का?”

“आमचे हे झिजवतील तेवढंच.” बाईंनी क्षणभर मनाशी काही जुळवलं. “थोडं जास्तच फाड. जावई बी येतेत दिवाळीला.”