घर की कुदळ

फाउस्तिन मुदेमू निवडणुकीला उभा राहिलाय, ही बातमी विल्ब्रोडाला नदीवर कळली. डोक्यावर चढवलेली बादली तिने खाली उतरवली, "कोण म्हणालीस?" म्हणून पुन्हा विचारलं, आणि तेच नाव दुसऱ्यांदा ऐकून ती हसली. वर्षभरात तिला हसताना कुणी पाहिलं नव्हतं. बरोबरीच्या बायकांना वाटलं, बाईच्या डोक्यावर परिणाम झाला. तसलं काही नव्हतं. ज्याच्यावर तिने डूख धरला होता तो माणूस आपल्या पायांनी तिच्याकडे मत मागायला येणार होता, आणि त्याला पाडायचं हे तिने तिथल्या तिथे, ओल्या पायांनी उभ्या उभ्या ठरवून टाकलं.

डूख धरण्याजोगंच घडलं होतं. आदल्या सप्टेंबरची गोष्ट. इरिंगाच्या डोंगरात विखरून राहणाऱ्यांनी आता रस्त्याकडेला एका गावात येऊन राहायचं, असं पक्षाने ठरवलं. एकत्र राहिले की शाळा देता येईल, दवाखाना देता येईल, पाणी देता येईल. विचार वाईट नव्हता. ज्यांच्यासाठी विचार केला त्यांना विचारायचं तेवढं राहून गेलं. विल्ब्रोडा राहायची त्या न्याविंगाच्या उतारावर तीनदा निरोप आला आणि तिन्ही वेळा लोक म्हणाले, पेरणी उरकली की बघू. चौथ्या खेपेला मुदेमू स्वतः आला. तो तेव्हा विभागाचा पक्ष-सेक्रेटरी. बरोबर एक ट्रक आणि गावरक्षक दलाचे बंदूकवाले.

विल्ब्रोडाचा नवरा कास्पर छातीच्या दुखण्याने अंथरुणाला खिळलेला होता. त्यांनी त्याला खाटेसकट उचलून अंगणात, उन्हात ठेवलं. मग परतायचा विचारसुद्धा कुणाच्या मनात येऊ नये म्हणून गवती छपराला काडी लावली. कणगीतला वर्षाचा मका आतच होता. कास्पर खाटेवरून पाहत होता. ते घर त्याने स्वतःच्या हाताने बांधलं होतं. आणि मुदेमू? तो विल्ब्रोडाच्याच तिवईवर बसून थर्मासमधला चहा पीत होता आणि यादीतल्या नावांपुढे खुणा करत होता. जाताना म्हणाला, "रडू नकोस, आई. एक दिवस तू माझं नाव काढशील."

नाव तिने रोज काढलं. इदेतेमा नावाच्या या नव्या गावात पहिल्याच पावसात, गळक्या आडोशाखाली कास्पर गेला तेव्हा काढलं. बांबूची बेटं न्याविंगालाच राहिली होती. पावसाळ्यात बांबूच्या कोंभाला छेद देऊन त्याच्या रसाची दारू विकायची हा तिचा धंदा. आता त्यासाठी दोन तास जायचं आणि दोन तास यायचं. त्या वाटेवरही पावलोपावली काढलं.

एवढं मात्र कबूल केलं पाहिजे की शाळा झाली. दुपारी तिथे मोठ्या माणसांचा वर्ग भरायचा. एक्कावन्नाव्या वर्षी विल्ब्रोडा वाचायला शिकली, डोंगरातली हेहे बोली सोडून चार माणसांत स्वाहिली बोलायला शिकली. तिला ते आवडायचं. आणि आवडतं म्हणून स्वतःचाच राग यायचा, कारण ती फळ्यापुढे बसली होती ती मुदेमूने आणून बसवली म्हणून.

आता निवडणुकीचं. देशात पक्ष एकच. पण संसदेच्या प्रत्येक जागेला पक्षाचेच दोन उमेदवार उभे राहायचे आणि त्यांतला एक लोकांनी निवडायचा. देशभर चिन्हंही दोनच. एकाला कुदळ, दुसऱ्याला घर. इथल्या जागेसाठी मुदेमूच्या समोर उभे होते न्यालुसी मास्तर, मिशनच्या शाळेतला एक सरळ, थोडा भित्रा माणूस. त्यांच्या वाट्याला कुदळ आली. मुदेमूला मिळालं घर.

ज्याने घरं जाळली त्याला घर! इदेतेमातली माणसं तोंडावर फडकं धरून हसली. विल्ब्रोडाला वाटलं, चला, आपलं काम परस्परच झालं.

कुठलं काय! आठच दिवसांनी शेजारची सेलेस्टिना तिला म्हणाली, "मी बाई घराला देणार." सेलेस्टिना सत्तरीची, पाठीतून वाकलेली. तिचंही घर न्याविंगालाच जळलेलं.

"डोकं ठिकाणावर आहे का तुझं?" विल्ब्रोडा कडाडली. "घर म्हणजे मुदेमू!"

"मुदेमू असू दे नाहीतर आणखी कुणी. घराला मत दिलं की आपापल्या घरी जाऊ देणार आहेत. न्याविंगाला."

"कुणी सांगितलं तुला?"

"लुकासनं. अन् सगळ्यांनाच ठाऊक आहे की. म्हणून तर कागदावर घर काढलंय. उगाच काढतील का?"

लुकास म्हणजे त्यांच्या दहा घरांवर पक्षाने नेमलेला प्रमुख, मुदेमूचा उजवा हात. विल्ब्रोडाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिने गावभर फिरून पाहिलं, तर सगळी म्हातारी माणसं हेच धरून बसलेली. कुणी जुन्या चुलीचे दगड आठवत होतं, कुणी तिकडची रताळी कशी गोड होती ते सांगत होतं. ज्याने त्यांची घरं जाळली त्यालाच ही माणसं घराच्या ओढीने निवडून देणार होती. आणि मुदेमू असा हलकट की त्याने ना कुठे हो म्हटलं, ना कुठे नाही. तो फक्त गप्प राहिला.

विल्ब्रोडा नदीवर बायकांना समजावू लागली. दुसऱ्याच दिवशी लुकास दारात हजर.

"प्रचार करतेस, दामियानची आई?" तो म्हणाला. दामियान तिचा मुलगा, मुफिंदीच्या चहामळ्यात कामाला होता. "खाजगीत प्रचाराला बंदी आहे. जे काय असेल ते पक्षाच्या सभेत. वर कळवू का?"

"मी फक्त पाण्याला जाते, लुकास. तू कधी गेलास तर भेटू."

लुकास निघून गेला, पण धमकी खरी होती. खालच्या गावातला एक जण असंच बोलला म्हणून आठवडाभर आत होता. तिने बोलणं बंद केलं. सभेची तारीख लागली होती, शनिवारची.

शुक्रवारी दुपारी मुदेमू स्वतःच नदीवर आला. पक्षाचा हिरवा सदरा, पायांत चामड्याच्या चपला, चिखल चुकवत चुकवत. विल्ब्रोडा एकटीच होती.

"दामियानची आई ना? बायका तुझं ऐकतात असं कळलं."

"बायका कुणाचं ऐकत नाहीत, बंधू." पक्षात सगळे एकमेकांना बंधू म्हणत; तिनेही म्हटलं.

तो हसला. मग मुद्द्यावर आला. वरच्या झऱ्यापासून पाइप टाकायचा आहे. एकाच गावापुरता आहे. तो निवडून आला तर ते गाव इदेतेमा असेल, त्याचा शब्द. "नळ, आई. शाळेपुढं. तोटी फिरवली की पाणी."





विल्ब्रोडाने बादलीकडे पाहिलं. खरं सांगायचं तर ती डगमगली. सेलेस्टिना रोज ही चढण चढताना तीनदा बसायची. दोन गरोदर पोरी होत्या गावात. एका माणसावरच्या रागापायी साऱ्या गावाचं पाणी घालवायचं का? राग तिचा एकटीचा होता, तहान सगळ्यांची.

"तुम्ही आमची घरं जाळलीत, बंधू," ती म्हणाली. एवढं एक वाक्य तो कसं झेलतो ते तिला बघायचं होतं.

"हुकूम होता. मी कोण? झालं गेलं. आता बघ, शाळा आली, दवाखाना आला. तुझा नवरा आजारी होता ना गं तेव्हा? आठवतं मला, खाटेवर होता. आता कसं आहे त्याचं? बरं असेल. औषधपाणी हाताशी आलं."

विल्ब्रोडा त्याच्याकडे बघतच राहिली. तो थट्टा करत नव्हता. त्याला ठाऊकच नव्हतं. वर्षभर ज्याच्या नावाने ती दात-ओठ खात होती, त्या माणसाला कास्पर मेल्याचा पत्ताच नव्हता.

"आराम पडलाय," ती म्हणाली, आणि बादली उचलून चढणीला लागली.

शनिवारी शाळेच्या पटांगणावर सगळा गाव जमला. दोन्ही उमेदवार एकाच बाकावर, मध्ये जिल्ह्याहून आलेले पक्षाचे अध्यक्ष. पक्षाच्या धोरणाविरुद्ध उमेदवाराने चकार शब्द काढायचा नाही, हा नियम. सभा स्वाहिलीतच, हाही नियम. मुदेमू तासभर बोलला, नळाबद्दल, पत्र्याच्या छपरांबद्दल. न्यालुसी मास्तर दहा मिनिटांत आटोपले. मग अध्यक्ष म्हणाले, "कुणाला काही विचारायचंय?"

विल्ब्रोडा उठली. पुढे बसलेला लुकास मान वळवून बघू लागला. हे वाक्य तिने आठवडाभर घोकलं होतं. शब्द चुकू नये म्हणून वहीत लिहून काढलं होतं.

"बंधू मुदेमूंना विचारते. तुमचं चिन्ह घर. घराला मत दिलं, तर आम्हांला न्याविंगाला, आमच्या घरी, परत जाऊ देणार का?"

मागे सेलेस्टिना काठीवर भार देऊन उभी राहिली.

मुदेमू उठला. त्याने अध्यक्षांकडे पाहिलं. अध्यक्ष त्याच्याकडेच बघत होते, चष्म्यावरून. हो म्हटलं तर उमेदवारी तिथल्या तिथे रद्द. पक्षाने उभी केलेली गावं मोडायची भाषा करणारा माणूस दुसऱ्या दिवशी सेक्रेटरीही राहिला नसता.

"प्रश्न चांगला आहे," तो म्हणाला. "घर म्हणजे प्रगती. घर म्हणजे एकजूट..."

"हो की नाही, बंधू? मी नवशिकी आहे. मला छोटे शब्द लवकर कळतात."

मागून कुणीतरी फिस्सकन हसलं.

"उत्तर द्या," अध्यक्ष म्हणाले.

"नाही," मुदेमू म्हणाला. "कुणीही परत जाणार नाही. पक्षाचं तसं धोरण आहे."

"आभारी आहे," विल्ब्रोडा म्हणाली आणि खाली बसली. आतून तिला असा काही आनंद झाला होता की लग्नातही झाला नसेल. मागे सेलेस्टिना काठी आपटत हेहेत शिव्या देत होती. अध्यक्षांनी स्वाहिलीत बोला म्हणून दटावलं, तर तिने ठणकावलं, "मला स्वाहिलीत शिव्या येत नाहीत!"

कुणीतरी न्यालुसी मास्तरांनाही तेच विचारलं. मास्तर उठले, घाम पुसला आणि म्हणाले, "माझं चिन्ह कुदळ. मी कामाशिवाय कशाचं वचन देत नाही." त्यांच्याकडून घराची आशा कुणी केलीच नव्हती, त्यामुळे कुणाचं मन मोडलं नाही.

इदेतेमात तीनशे चाळीस मतं पडली. कुदळीला तीनशे अकरा. आजूबाजूच्या नव्या गावांतही ते "नाही" तिथल्या सभेच्या आधीच जाऊन पोचलं होतं. तिथेही त्याचा असाच निकाल लागला. मुदेमू आपटला. पक्षाने त्याला दूर किनाऱ्याकडच्या एका काजूच्या गोदामावर धाडलं.

तो निघाला त्या दिवशी विल्ब्रोडाने सणाचं कापड नेसलं आणि ती रस्त्यावर जाऊन उभी राहिली. उतारू घ्यायला ट्रक गावापाशी थांबला. मुदेमू सामानावर बसला होता.

"कास्पर मेला, बंधू," ती खालून म्हणाली. "पहिल्याच पावसात. तुमच्या यादीत त्याच्यापुढं खूण असेल, 'हलवला' म्हणून. खोडून टाका."

मुदेमूचा चेहरा पडला. तो हळूच म्हणाला, "मला सांगायचंस, आई. नदीवर सांगायचंस."

"सांगितलं असतं तर तुम्ही वाईट वाटून घेतलं असतं. मला ते नको होतं. मला तुम्ही पडायला हवे होतात."

"आणि गावाला पाणी?"

"तुम्हांला पाजलं ना, बंधू? सध्या तेवढंच."

रस्त्यावरच्या बायका खो खो हसल्या. ट्रक निघून गेला. विल्ब्रोडा धूळ खाली बसेपर्यंत तिथेच उभी होती. तिला पश्चात्ताप झाला, असं लिहिलं तर वाचणाऱ्याला बरं वाटेल. पण नाही झाला. पाइप तिसऱ्याच गावाला गेला. ती रोज नदीवर जात राहिली, परतताना सेलेस्टिनाचीही बादली आणत राहिली, आणि कुणी कुरकुरलं की म्हणायची, "मला नाही जड वाटत."

मार्चमध्ये न्यालुसी मास्तर खासदार म्हणून पहिल्यांदा गावात आले. नवा सदरा, बगलेत वही. आभार मानून झाले. मग घसा साफ करून म्हणाले की पाण्याचं काम सध्या बसत नाही, पुढच्या योजनेत बघू. न्याविंगाच्या बांबूपर्यंत वाट मोकळी करून द्या अशी मागणी आलीय, पण जुन्या जागी जाणं-येणं वाढवणं धोरणात बसत नाही. लोकांनी सहकार्य करावं. बोलता बोलता त्यांचा आवाज पुष्कळसा मुदेमूसारखा येऊ लागला होता.

लोक माना खाली घालून ऐकत होते. विल्ब्रोडा उठली. या खेपेला तिने काही लिहून आणलं नव्हतं.

"एकच विचारायचंय, मास्तर. पाच वर्षांनी पुन्हा निवडणूक असते ना? तेव्हा तुमचं चिन्ह कोणतं असेल?"

मास्तरांनी तिच्याकडे पाहिलं, मग मागे काठी टेकून उभ्या राहिलेल्या सेलेस्टिनाकडे. त्यांनी वहीचं पान उलटलं, खिशातून पेन काढलं आणि पाण्याचा मुद्दा पुन्हा पहिल्यापासून घेतला.